अक्काचा उजवा पाय

रविवार, ४ फेब्रुवारी

बाळ्या,

आधी खाली बस आणि मग वाच. उभ्याने पत्र वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, आणि तुझ्या त्या हवामान केंद्राच्या दारात वारा असा की अर्धं पत्र दरीत जायचं.

मी दवाखान्यात आहे. पडलेझडले नाही, घाबरू नकोस. पंधरवड्यापूर्वी क्लासच्या गाडीत बसल्या बसल्या डावा हात जड झाला. शिकणारे गृहस्थ गिअर शोधत होते आणि इकडे मी श्वास शोधत होते. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, दुसऱ्यांनी मोठ्यांकडे. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बुजल्यात म्हणे. परवा मंगळवारी बायपास.

मी ड्रायव्हिंग शिकवते हे कळल्यावर मोठे डॉक्टर कौतुकाने सांगायला लागले, "बाई, समजा मुख्य रस्ता बंद पडला, तर आपण बाजूने वळणरस्ता काढतो..." म्हटलं, डॉक्टर, रस्ते मी तीस वर्षं बघतेय, तुम्ही मला माणसाचं सांगा. मग त्यांनी सांगितलं. छातीचं हाड मधोमध कापणार, पायातली शीर काढून हृदयाला जोडणार, आणि हाड परत तारेने शिवणार. ऐकल्यावर वाटलं, रस्त्याचंच बरं होतं.

तुला आधी कळवलं नाही. कळवून करणार काय होतास? बदली माणूस आल्याशिवाय तुला केंद्र सोडता येत नाही, फोन तिथे लागत नाही, आणि टपाल घेऊन जीप येणार सोमवारी नाहीतर गुरुवारी. उगीच तुझा जीव टांगणीला कशाला? हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

छबू आली आहे. चष्म्याच्या दुकानातून लांबलचक रजा काढून आलीय माझी लेक. माझ्या उशाशी बसून ती डॉक्टरांनी दिलेले कागद वाचते आणि मी तिचं तोंड वाचते.

भीती वाटते का विचारशील. नाही. खोटं कशाला बोलू, वाटते. पण कोणाला सांगू नकोस. तुझ्या डोंगरावर सांगणार तरी कोणाला म्हणा!

तुझी अक्का

•

गुरुवार, ८ फेब्रुवारी

अक्का,

पत्र दुपारी मिळालं. बसून वाचलं. वाचून झाल्यावर उठता येईना.

मंगळवार उलटून दोन दिवस झाले. मंगळवारी मी काय करत होतो, तर पर्जन्यमापकात अडकलेला पाला काढत होतो, शीळ घालत. हे पत्र वाचायला तू आहेस की नाहीस एवढंसुद्धा मला ठाऊक नाही, आणि तरी तुझ्यावर इतका संतापलोय की समोर असतीस तर भांडलो असतो. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू सतरा. तेव्हापासून "उगीच तुझा जीव टांगणीला कशाला" म्हणत म्हणतच तू मला वाढवलंस. आता मी एकोणपन्नासचा आहे. माझा जीव कुठे टांगायचा ते मला ठरवू दे.

इथे फक्त वायरलेस आहे. त्यावर दर तीन तासांनी आकडे सांगायचे, एक शब्द खाजगी बोलायचा नाही. आज तीनचे आकडे सांगितले. तापमान, हवेचा दाब, वारा. आणि त्याच दमात म्हटलं, "माझ्या बहिणीचं मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन झालं. ती आहे का, एवढं दवाखान्यात फोन करून विचारा." दवाखान्याचं नाव सांगितलं. पलीकडच्या ऑपरेटरचा आवाज मी अकरा वर्षं ऐकतोय, चेहरा कधी पाहिला नाही. बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाला, "दाबाचा आकडा पुन्हा सांगा." मी सांगितला. त्याने बंद केलं.

शुक्रवार, सकाळ

सहाचे आकडे द्यायला यंत्र सुरू केलं आणि माझ्याआधी तोच बोलला. "बाई शुद्धीवर. श्वास स्वतःचा घेतात. सिस्टरशी भांडण चालू. आता आकडे."

अक्का, मी आकडे चुकलो गं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कागदावरचं काही दिसेना. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, आणि तुझा पीळ शाबूत आहे हे कळल्यावर मी त्या टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

आठ वाजता साहेबांनी वायरलेसवर येऊन दम दिला, हे पुन्हा चालणार नाही म्हणून. तेव्हा आता पत्रंच. काल धुक्याने इथेच मुक्कामाला राहिलेला जीपवाला खाली निघायला हॉर्न बडवतोय. एकच सांगणं, मला खरं ते लिही.

तुझा बाळ

•

मंगळवार, १३ फेब्रुवारी

बाळ्या,

अक्षर बघून दचकू नकोस. उताणं झोपून, पत्र डोळ्यांसमोर धरून लिहितेय. कुशीवर वळायला बंदी आहे.

भांडण म्हणजे काय, ती सिस्टर मला "आजी" म्हणाली. छाती उसवलेली, नाकातोंडात नळ्या निघून तास झालेला, आणि वर आजी! मी एकोणसाठ वर्षांची आहे हे तिला तीन वेळा सांगितलं. आवाज फुटत नव्हता म्हणून बोटांनी दाखवलं. एकोणसाठ बोटांनी दाखवायला वेळ लागतो.

बाकी ठीक. खोकला आला की उशी छातीशी गच्च आवळायची, म्हणजे टाके धरून राहतात. एक यंत्र दिलंय, त्यात तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडूंनी वर उडायचं. पहिला लगेच उठतो, दुसरा विचार करून उठतो, तिसरा सरकारी नोकरीत असावा. तू मनाला लावून घेऊ नकोस.

चालायलाही लागले. कॉरिडॉरच्या तीन फेऱ्या रोज मारते. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी येते, तीही तोंडात बोट घालते. खोटं वाटत असेल तर छबूला विचार. नको, विचारू नकोस, तिच्यामागे आधीच खूप धावपळ आहे.

तू खात जा वेळेवर.

अक्का

•

गुरुवार, १५ फेब्रुवारी

अक्का!

तीन फेऱ्या! मी जीपवाल्याला सांगितलं. त्याने बॉनेटवर थाप मारली. खाली जाऊन तो चहावाल्याला सांगणार, म्हणजे सोमवारपर्यंत अख्ख्या पायथ्याला कळलेलं असेल. मी कागदावर मांडून पाहिलं. कॉरिडॉर साठ पावलांचा धरला आणि तू अशीच चालत राहिलीस, तर उन्हाळा संपायच्या आत तू माझ्या डोंगराच्या पहिल्या वळणावर असशील.

मला माहीतच होतं. तू एकदा मनावर घेतलंस की झालं. आता थांबू नकोस. जिना चढ. कोणाचा हात धरू नकोस. पुढच्या पत्रात पाच फेऱ्या हव्यात मला, सांगून ठेवतो.

आनंदाने वेडा झालेला,
बाळ

•

शनिवार, १७ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आईने वाचलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत काढली नाही. म्हणून तिला न सांगता हे लिहितेय.

आई एकही फेरी चाललेली नाही. ऑपरेशनला अकरा दिवस झाले. ती कॉटपासून खुर्चीपर्यंत जाते, चार पावलं, तीही मी आणि फिजिओने दोन्हीकडून धरल्यावर.

झालं असं. तिसऱ्या दिवशी तिला उभी केली. दोन पावलं टाकली आणि उजवा पाय एकदम ताठ. जमिनीत रोवल्यासारखा. शीर काढली ती डाव्या पायातली, म्हणून सगळे चक्रावले. गुठळी असेल म्हणून सोनोग्राफी केली. गुठळी नाही. मग मेंदूचे डॉक्टर आले, तळपायावर किल्लीने रेघा ओढून गेले. सगळं ठीक म्हणाले. पण उभी करून "चला, शाब्बास, अजून एकच पाऊल" म्हटलं की तोच पाय पुन्हा खाली रेटते, अंग मागे टाकते, घामाघूम होते आणि मटकन बसते. सोनोग्राफीला चाकाच्या खुर्चीतून नेली तेव्हाही प्रत्येक वळणावर तेच. खुर्चीची पाय ठेवायची पट्टी वाकवून ठेवलीय तिने. विचारलं तर म्हणते, मला काय माहीत.

मामा, मोठे डॉक्टर काल मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, हृदय उत्तम चाललंय, आमचं काम आम्ही केलं. पण ही झोपूनच राहिली तर फुप्फुसं दगा देतील. उजव्या बाजूला पाणी साचायला लागलंय, कफ सुटत नाही, परवा तापही होता. चालली नाही तर हातची जाईल, असं त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. एक जिना चढून-उतरून दाखवल्याशिवाय घरी सोडणार नाहीत, आणि आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.

मी क्लासच्या गाडीसाठी गिऱ्हाईक बघितलंय. तिला माझ्याकडे तळमजल्यावर न्यायची आणि क्लास बंद करायचा, असं मनात आहे. तिच्याशी बोलायचं धाडस होत नाही. तुझं ती ऐकते. तू लिहिशील का तिला? मला तर काय बरोबर, काय चूक, काही सुचेनासं झालंय. आई अशी कधी बघितलीच नाही मी.

छबू

•

सोमवार, १९ फेब्रुवारी

छबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना फक्त "हातची जाईल" एवढंच दिसत होतं. दुसऱ्यांदा वाचताना त्या वाकलेल्या पट्टीपाशी आलो आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो.

सगळ्या डॉक्टरांचा मान राखून सांगतो, तुझ्या आईच्या पायाला काहीही झालेलं नाही. अगं, ती ब्रेक मारतेय!

तू तिच्याकडे कधी गाडी शिकली नाहीस, म्हणून तुला कळलं नाही. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तीस वर्षं ती त्या सीटवर बसलीय. गाडी दुसरा चालवतो, पण ती थांबवायची कधी हे तिचा उजवा पाय ठरवतो. तिच्या उभ्या आयुष्यात तिला दुसऱ्या कोणी चालवलेलंच नाही. आता तुम्ही दोघी तिला धरून पुढे नेता, ती घाबरली की तिचा पाय आपसूक खाली जातो, आणि खाली असते फरशी. ती दाबते, दाबते, आणि तुम्ही म्हणता "शाब्बास, अजून एक". गाडी थांबतच नाही! मी असतो तर मीही मटकन बसलो असतो.

मला तिने शिकवलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि इतका भित्रा की गाडीला हात लावताना घाम फुटायचा. मित्रांचे मास्तर पहिल्याच दिवशी त्यांना बाजारातून गाडी न्यायला लावायचे. अक्काने मला मोकळ्या मैदानावर नेलं. गाडी माणसाच्या चालीने सोडायची आणि थांबवायची. सोडायची, थांबवायची. पहिला अख्खा दिवस तेवढंच. मी चिडलो, म्हटलं, जायला कधी शिकवणार? म्हणाली, "जाणं काय, गाडी आपणहून जाते. तू थांबायला शीक. ज्याला हवं तिथे थांबता येतं, त्याला कुठेही जाता येतं." आजही ती सगळ्यांना हाच पहिला धडा देते. दुसऱ्या दिवशी माझी भीती कुठे गेली ते मला कळलंच नाही.

तेव्हा फिजिओला माझं सांग. शाब्बास नको. अजून एक पाऊल नको. "चल" अक्का म्हणेल आणि "थांब"ही अक्काच म्हणेल. तिने थांब म्हटलं की त्या शब्दावर थांबायचं, पाऊल हवेत असलं तरी. पहिल्या दिवशी कुठे पोचायचं नाही. नुसतं थांबायचं.

डोंगरावर बसून मी उंटावरच्या शहाण्यासारखं बोलतोय, कळतंय मला. शिवाय "आता थांबू नकोस" असं तिला लिहिणारा महामूर्ख मीच. पण हे करून बघ. गाडीबद्दल एवढंच म्हणेन, तिला विचारल्याशिवाय विकू नकोस. आणि छबू, तू चुकत नाहीयेस. तू घाबरली आहेस. तिच्यासारखीच.

मामा

•

रविवार, २५ फेब्रुवारी

चहाडखोर बाळ्या,

माझ्या पाठीमागे माझ्या लेकीशी पत्रव्यवहार करतोस? थांब, भेट एकदा.

गुरुवारी सकाळी ती फिजिओ मुलगी आली. नेहमी येते तशी टाळ्या वाजवत आली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "बाई, मला थांबायला शिकवा." मला वास आला. म्हटलं, हे कोणी पढवलं? छबू खिडकीबाहेर बघायला लागली. म्हटलं, आणि शिकवू कशावर? ती म्हणाली, "माझ्यावर. मी गाडी."

उभी राहिले. तिने माझा हात धरला नाही, आपला हात माझ्यापुढे केला, मी धरला. "चल" म्हटलं. एक पाऊल. "थांब." थांबली. तरी खात्री पटेना. पुन्हा चल म्हटलं आणि तिचं पाऊल वर असतानाच थांब म्हटलं. बाळ्या, ती पोरगी एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली! डुगडुगत होती, पण पाय टेकवला नाही. मी मुद्दाम वीस आकडे मोजले. शेजारच्या कॉटवरच्या बाई हसून हसून बेजार, त्यांचेही टाके ताजेच.

चौथ्या की पाचव्या वेळी खाली बघितलं. माझा उजवा पाय सैल होता. सोळा दिवस तो माझा राहिलाच नव्हता. मी काय करतेय ते मलाही कळत नव्हतं रे. मला वाटायचं, ऑपरेशनमध्ये यांनी काहीतरी बिघडवलंय आणि सांगत नाहीत. मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण काही घरी जात नाही. म्हणून तुला त्या फेऱ्या लिहिल्या. मी गेले असते तरी तुला वाटलं असतं, अक्का चालत चालत गेली.

त्या दिवशी नऊ वेळा थांबले. नऊ वेळा थांबत थांबत दारापर्यंत पोचले. शुक्रवारी कॉरिडॉरमध्ये, बत्तीस वेळा थांबून एक फेरी. एकदा तर मोठे डॉक्टर समोरून आले, त्यांनाही थांब म्हटलं. थांबले बिचारे. काल शनिवारी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. तेव्हा तुला लिहिलेलं खोटं नव्हतं, अकरा दिवस आधी लिहिलं एवढंच. कफ सुटायला लागलाय. काल इतका खोकला आला आणि इतकं काही बाहेर पडलं की सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. माणसाचं कशाकशाचं कौतुक होतं बघ.

छबूने गाडीचं सांगितलं. मी उठून बसले. मग म्हटलं, तुला काय वाटतं, मी तुझ्या तळमजल्यावर बसून काय करू, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला मोजू? ती रडायला लागली. म्हणाली, "मला फक्त तू हवी आहेस गं आई, गाडी नको न् काही नको." मग मीही रडले. टाक्यांना रडणं सोसत नाही, म्हणून दोघींनी मध्ये उशी धरून एकमेकींना मिठी मारली. गाडी विकायची नाही असं ठरलं. निदान तीन महिने तरी. तेव्हा डॉक्टर सांगतील काय ते.

बुधवारी जिन्याची परीक्षा आहे. माझ्या हाताखालून बाराशे माणसं परीक्षेला गेली असतील. प्रत्येकाला म्हणायचे, घाबरायचं काय त्यात! आता कळतंय, ते माझ्याकडे असे का बघायचे.

अक्का

•

रविवार, ३ मार्च

बाळ्या,

घरी आहे. माझ्या घरी. तिसऱ्या मजल्यावर.

दवाखान्याच्या जिन्याचं आधी सांगते. बारा पायऱ्या. चढताना काही वाटलं नाही, पण वर जाऊन वळले आणि खाली बघितलं मात्र, पाचावर धारण बसली. पाय पुन्हा ताठ व्हायला लागला. फिजिओ माझ्या एक पायरी खाली उभी होती. "बघताय काय, उतरा" नाही, "शाब्बास" नाही. वाट बघत राहिली. मी मोठ्याने म्हटलं, "थांब." कोणी चालतच नव्हतं, तरी म्हटलं. मग पाय सैल झाला. उतरले, बाराच्या बारा. खाली मोठे डॉक्टर कागद घेऊन उभे होते, तिथेच सही केली. फिजिओ म्हणाली, पुढच्या पेशंटला ती पहिल्या दिवशी थांबायलाच शिकवणार आहे. म्हटलं, शिकव, पण आम्हा मायलेकींना आणि डोंगरावरच्या त्या माणसाला विसरू नकोस.

टॅक्सीत मला मागच्या सीटवर बसवलं. बाप रे बाप! तो माणूस आरशात न बघता रांग बदलत होता. छबूने माझा हात दाबून धरला होता. मी तोंड उघडलं नाही. उतरताना फक्त एवढंच म्हटलं, "भाऊ, इंडिकेटर नावाची वस्तू तुमच्या गाडीत बसवून आलेली असते." पोटात राहिलं असतं तर मला पुन्हा दवाखान्यात जावं लागलं असतं.

आणि मग आपला जिना. चोपन्न पायऱ्या. पहिल्या मजल्यावरच्यांनी खुर्ची बाहेर काढून ठेवली होती, दुसऱ्यावरच्यांनी पाण्याचा पेला. म्हटलं, खुर्ची आत न्या, पाणी द्या. छबू मागे, हात पसरून, मी पडले तर झेलायला. माझ्या निम्म्या वजनाची पोर! किती वेळा थांबले ते मोजलं नाही. जेव्हा हवं तेव्हा थांबले, आणि प्रत्येक वेळी पुन्हा निघाले.

शेवटच्या पायरीवर पोचले आणि दारावरची पाटी दिसली. छबू किल्ली शोधत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि छातीत धाडधाड चाललं होतं. पण हे धाडधाड वेगळं, बाळ्या. दुखत नव्हतं. चढून आलेल्या माणसाच्या छातीत होतं तसं. आणि मला एकदम कळलं, की मी जगले. तोवर सगळे सांगत होते, ऑपरेशन छान झालं, रिपोर्ट छान आले, पण मला कळलं ते तिथे. मी हुंदके देऊन रडले. शेजारची दारं उघडली, लोक धावत आले, काय झालं, काय झालं. छबू म्हणाली, "काही नाही, आई घरी आली."

आता विश्रांती. छबू एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे, मग तिला जायला हवं. तू येशील तेव्हा ये. घाई नाही. मी आहे.

अक्का

•

रविवार, १२ मे

छबू,

तुझ्या आईच्या टेबलावर बसून लिहितोय. ती आत झोपली आहे. मला कडक सूचना आहे की आवाज करायचा नाही, म्हणून पेनही हळू चालवतोय.

बदली माणूस अखेर मंगळवारी पायी चढून आला. येतोय असं अक्काला लगेच लिहिलं, पण ते पत्र न्यायला गुरुवारची जीप आणि त्याच जीपमध्ये मी. पत्र टपालात फिरत राहिलं आणि मी शुक्रवारी सकाळी अकराला तुमच्या दारात हजर झालो.

येताना सगळं ठरवून आलो होतो. उशाशी बसायचं, औषधं द्यायची, सूप करायचं, वाचून दाखवायचं. जीपवाल्याने बरोबर मध दिलाय, चहावाल्याने दोन उशा. त्या उशा काखेत, मध हातात, बॅग पाठीवर, असा मी ते तीन जिने चढलो. दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. डोंगरावर राहणाऱ्या माणसाला! म्हटलं, ही बाई दवाखान्यातून येऊन हे चढली कशी?

वर पोचलो आणि दाराला कुलूप.

छबू, माझ्या पायाखालची जमीन सरकली. अकराची वेळ, तीन महिन्यांपूर्वी छाती उघडलेली बाई, आणि दाराला कुलूप. दुसरं काही मनात येईना. पुन्हा दवाखाना. किंवा त्याहून वाईट, आणि मला कोणी कळवलं नाही, कारण मला कळवता येतच नाही. उशा खाली पडल्या. मी शेजारचं दार दोन्ही मुठींनी बडवलं.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. हात पुसत, शांतपणे.

"अक्का?" मी म्हटलं. आणि कुलपाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही डोंगरावरचे भाऊ ना? बसा की. त्या क्लासला गेल्यात."

"कुठे?"

"क्लासला हो. मंगळवारी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बुधवारी सकाळी सात वाजता बाई गाडीत. आज दुसरी बॅच. दीडपर्यंत येतील." आणि मग, मला घरच्यासारखं काही सांगावं म्हणून, "लेकीला सांगू नका म्हणाल्यात, ती काळजी करते." तेव्हा हे तुला कळलेलं नाही असं समजून चाल.

मी पायरीवर बसलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसू आवरेना. त्या बाई घाबरल्या. म्हणाल्या, "बरं वाटत नाही का तुम्हाला? काय होतंय?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "माझी बहीण घरात नाही!"

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पाणी आणायला आत धावल्या. किल्ली हातात होती, पण दार उघडावंसं वाटेना. दीड वाजेपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून राहिलो, त्या कुलपाकडे बघत. इतकं देखणं कुलूप मी जन्मात पाहिलेलं नाही.

तुझा मामा